देवदारी खोक्याचे वाडगे

आमच्याकडे हलक्या, पिवळसर लाकडाला सरसकट देवदार म्हणतात. काचसामानाचे खोके देवदारी, सफरचंदाची जुनी पेटी देवदारी, आणि एखादे यंत्र ज्या लाकडी पिंजऱ्यात बसून कारखान्यात येते तो पिंजराही देवदारीच. खरा देवदार हिमालयातला, उंचावरचा. आपल्या बाजारात त्या नावाने वावरतो तो बहुधा पाइन. म्हणजे हिमालयाच्या उतारावरचा चीड, नाही तर त्याचा कोणी परदेशी भाऊबंद. घराणे एक, पण घरे वेगळी. महाराष्ट्रात पाइनचे नैसर्गिक जंगल कुठेही नाही. तेव्हा नांदेडच्या कॉलेजात मराठी घेऊन बी. ए. करणाऱ्या मुलीने या झाडावर लिहावे, हे थोडे आगंतुकपणाचे वाटेल. पण गेली दोन वर्षे सुट्टी लागली की मी लोहा, अहमदपूर, चाकूर अशी एस. टी.ने लातूर गाठते आणि मामांच्या दुकानात याच लाकडाचे वाडगे कातते. सरांनी ‘स्वतःच्या अनुभवाचे काही लिहा’ म्हटले तेव्हा माझ्यापाशी दुसरे होते तरी काय?

माझे मामा खरादी. खरादी म्हणजे लाकूड फिरते ठेवून त्याला हत्याराने गोलाई आणणारा. पश्चिम महाराष्ट्रात त्याला कातारी म्हणतात. सुतार आणि खरादी यांत लोक फरक करीत नाहीत, याचे मामांना फार वाईट वाटते. सुताराचे लाकूड स्थिर असते आणि हत्यार चालते. खरादीचे हत्यार स्थिर आणि लाकूड चालते. एवढ्या एका फरकाने सगळे बदलते. पोळपाट, लाटणी, रव्या, भोवरे, बाजेचे खूर, देवघराचे चिमुकले खांब आणि मुख्य म्हणजे पाळणे, हा मामांचा धंदा. पाळण्याच्या एकेका कातीव दांडीवर लाखेचे तांबडे, हिरवे, पिवळे पट्टे. लाकूड फिरत असताना लाखेची कांडी त्यावर दाबायची. घासण्याच्या उष्णतेनेच लाख वितळून चढते. ना ब्रश, ना डबा. लहानपणी मला ही जादूच वाटे.

आजोबांच्या वेळी वीज नव्हती. खराद दोरीवर चाले. फिरणाऱ्या लाकडाला दोरीचे वेढे घालायचे आणि समोर बसून दोन्ही टोके आळीपाळीने ओढायची. लाकूड एकदा पुढे फिरे, एकदा मागे. पुढे फिरताना पटाशी टेकवायची, मागे फिरताना उचलून घ्यायची. म्हणजे अर्धा वेळ काम आणि अर्धा वेळ वाट पाहणे. पटाशी आजोबांच्या हातात असे. दोरी ओढायला माझी आई.

आई सात वर्षांची असल्यापासून लग्न होईपर्यंत दोरीवर बसली. शाळा चौथीपर्यंत. पाळण्याच्या एका दांडीला किती ओढी लागतात हे तिला आजही पाठ आहे. ती मोजायची, कारण मोजल्याने वेळ जातो. ओढ कमी-जास्त झाली की पटाशी लाकडात रुतते आणि आजोबा ओरडत. तेव्हा गोलाई नीट येणे हे जितके आजोबांच्या मनगटावर होते तितकेच आईच्या खांद्यावर. पण गावोगावचे लोक नाव घेत ते आजोबांचे, आणि पुढे मामांचे. मामांनी मोटार बसवली ती आईचे लग्न झाल्यावर. ‘बहीण गेली म्हणून मोटार आली’ असे ते हसत सांगतात. आई या वाक्याला हसत नाही.

दुकानाच्या मागच्या भिंतीला, वर, एक पाळणा सुटा करून बांधून ठेवलेला आहे. चार दांड्या, दोन कमानी, वरचा मोर, सगळे जुन्या धोतरात गुंडाळलेले. तो सांगायचा तर १९९३ सांगावे लागते. औसा तालुक्यातल्या एका गावाहून एक घर पाळणा सांगून गेले होते. लेकीचे पहिले बाळंतपण, बारसे दिवाळीच्या आधी. गणपती उठले की न्यायला येतो, असे ठरले. विसर्जन २९ सप्टेंबरला झाले. ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरातली गावे काही सेकंदांत मातीचे ढिगारे झाली, हजारो माणसे झोपेतच गेली. आपल्या भागातली जुनी घरे म्हणजे मातीत रचलेल्या दगडांच्या दोन-अडीच फूट रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद. थंडावा छान, पण भिंत फुटली की सारा भार अंगावर. पुढे तज्ज्ञांनी पाहणी केली तेव्हा एक गोष्ट दिसली, ती मला खरादीची भाची म्हणून विसरता येत नाही: जिथे आत लाकडी खांब-तुळयांचे धड खण होते, तिथे पुष्कळ ठिकाणी भिंती ढासळल्या आणि खण उभे राहिले. लाकूड वाकते, करकरते, पण एकदम सोडून देत नाही.

पाळणा न्यायला कोणी आले नाही. मामा आठ दिवसांनी त्या गावी जाऊन आले. काय पाहिले ते त्यांनी कधी सांगितले नाही. नंतर पाळणे घ्यायला पुष्कळ गिऱ्हाइके आली, तयार पाळणा समोर टांगलेला दिसे, मागत. मामा नवा करून देत, तो देत नसत. अलीकडे तर पाळणेच कोणी घेत नाही. लोखंडी नळीचा, जाळीचा पाळणा स्वस्त मिळतो, घडी होतो. लाटणी कारखान्यातून शेकड्याने येतात. भोवरे प्लास्टिकचे. मामांच्या दुकानाला काम उरले ते जिन्याच्या कठड्याच्या दांड्यांचे, तेही वर्षातून चार-सहा बंगल्यांचे.

पाइन दुकानात आला तो जळणासाठी. एमआयडीसीच्या बाजूला एक भंगारवाला यंत्रांची फुटकी खोकी विकतो. मामी चुलीसाठी आणीत असे. एकदा मी त्या ढिगात बसून फळ्यांवरचे शिक्के वाचू लागले. बाजूला गव्हाच्या लोंबीसारखे चिन्ह, मग देशाची दोन अक्षरे, मग आकडे आणि शेवटी ‘एचटी’ किंवा ‘एमबी’. हा काय प्रकार आहे म्हणून ग्रंथालयात आणि मग आमच्या भूगोलाच्या सरांकडे चौकशी केली. एका देशातल्या लाकडातून किडी दुसऱ्या देशाच्या जंगलात जाऊ नयेत म्हणून २००२ साली आंतरराष्ट्रीय नियम झाला. माल ज्यात बांधायचा ते कोरे लाकूड एक तर गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला निदान तीस मिनिटे तापवायचे, नाही तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी द्यायची. एचटी म्हणजे तापवलेले, एमबी म्हणजे धुरी दिलेले. हे कळल्यापासून मी एमबीचा तुकडा हातात धरीत नाही, आणि मामींनाही तो चुलीत घालू दिला नाही. ज्या लाकडाचा वाडगा करायचा ते कुठून आले हेच नव्हे, तर त्याच्यावर काय केले आहे हेही कातणाऱ्याला ठाऊक पाहिजे.

त्या शिक्क्यांनी मला लातुरात बसून जग दाखवले. ‘एनझेड’ म्हणजे न्यूझीलंड, ‘सीएल’ म्हणजे चिली. या दोन्ही देशांत ज्या पाइनच्या अफाट लागवडी आहेत तो रेडिआटा पाइन मूळचा त्या देशांतला नाहीच. तो कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा. तिथून दक्षिण गोलार्धात गेला, तिथे भराभर वाढला, ओंडके होऊन जहाजाने कांडल्याला उतरू लागला, गांधीधामच्या सॉ मिलमध्ये चिरला जाऊन कुठकुठे पसरला. एनझेडच्या एका दांड्याच्या टोकाला मी वर्तुळे मोजली: चार इंचांत आठ. जर्मनीच्या शिक्क्याच्या फळीत तेवढ्याच रुंदीत चाळीसच्या वर भरली. थंडीत झाड हळू वाढते. एका बोटाच्या रुंदीत कुणाचे एक वर्ष मावते, तर कुणाची दहा.

मामांनी आधी उडवूनच लावले. “ह्ये लाकूड न्हाई लेकरा, ह्यो पुठ्ठा हाय.” त्यांचा सारा जन्म सागवान, शिसम, बाभूळ यांत गेलेला. पण पाइन कातायला बसले तेव्हा दोन दिवस गप्प होते. म्हणजे लाकडाने त्यांना विचारात पाडले होते. अडचण अशी, की पाइनच्या प्रत्येक वर्तुळात दोन थर असतात. वसंतात वाढलेला थर मऊ आणि फिकट, नंतरचा टणक आणि गडद. बाभळीसारखे सगळीकडून सारखे कठीण असते तर जोर लावता येतो. इथे टणक थरासाठी जोर लावला की मऊ थर चेपतो, ओरबाडला जातो. शिवाय वाडग्याचे लाकूड आडवे धरलेले असते, त्यामुळे एका फेऱ्यात दोनदा पटाशीसमोर रेघा येतात आणि दोनदा रेघांची टोके. टोकांपाशी तंतू उपटून येतात आणि वाडग्याच्या अंगावर समोरासमोर दोन खरखरीत ठिपके पडतात. काचकागदाने घासून ते जात नाहीत. उलट मऊ थर जास्त झिजतो आणि पृष्ठभाग नांगरल्यासारखा होतो.

उपाय एकच, धार. सागवानाला जी पटाशी दुपारपर्यंत चालते ती पाइनला दर दहा मिनिटांनी दगडावर फिरवावी लागते. मऊ लाकडाला धार कमी लागते, हा समज अगदी उलटा आहे. बाहेरून कातताना बारीकाकडून रुंदीकडे यायचे, आतून कोरताना काठाकडून मध्याकडे, म्हणजे प्रत्येक तंतूच्या मागे दुसऱ्या तंतूचा आधार राहतो. शेवटचा हात अगदी हलका, जणू पटाशीला नुसते लाकडाशी बोलू द्यायचे. मग फिती निघतात, लांब, पातळ, सुवासिक. बाभळीचे बारीक तुकडे उडतात. पाइनची फीत हातावर पडते आणि तशीच गुंडाळून राहते.

राळेचा त्रास वेगळा. या झाडाच्या अंगात राळ असते. हिमालयातल्या चिडाला खाचा पाडून तीच गोळा करतात आणि तिच्यातून टर्पेंटाइन निघते. पटाशीवर ती चिकटून काळी होते, रॉकेलच्या नाहीतर टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसावी लागते. म्हणजे झाडाचा चिकटा झाडाच्याच तेलाने काढायचा. गाठीतून तर महिनोन्‌महिने राळ झिरपत राहते. त्यावर मामांचा जुना इलाज लागू पडला: चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून गाठीवर दोन हात द्यायचे. पाळण्याची लाख अशी परत कामाला आली. आणि खोक्याच्या लाकडात खिळे! एकही तुटका खिळा आत राहिला तर पटाशीची धार तर जाईलच, डोळाही जाईल. मी प्रत्येक फळीवरून आधी लोहचुंबक फिरवते. खिळ्याचे भोक मात्र बुजवीत नाही. गंजाने त्याच्याभोवती निळसर काळी कड येते, ती राहू द्यावी. या झाडाने नोकरी केल्याची ती खूण आहे.

चार इंची दोन दांडे फेव्हिकॉलने जोडून, रात्रभर शिकंजात आवळून, त्यातून सात इंच रुंद आणि साडेतीन इंच खोल वाडगा निघतो. कातल्यावर सरळ रेघा उरत नाहीत. पोटाशी त्यांचे नकाशातल्या डोंगरासारखे वेटोळे होतात, एकात एक. ही नक्षी कुणी काढलेली नसते. लाकडात ती असतेच, गोलाई दिल्यावर दिसू लागते. मामांनी पहिला बरा वाडगा उजेडात धरून बराच वेळ फिरवला आणि म्हणाले, “रंग नगं लावू ह्येला.” लाखेच्या रंगावर पन्नास वर्षे जगलेल्या माणसाच्या तोंडचे हे वाक्य आहे.

मऊ लाकडावर मोठे काम उभे राहू शकते, हे काही नवे नाही. नांदेडपासून काही तासांवर निर्मळ आहे. १९५६ पर्यंत आपण आणि ते एकाच हैदराबाद राज्यात होतो. तिथली खेळणी पोनिकी नावाच्या हलक्याफुल्क्या लाकडाची. चन्नपट्टणचे खरादी कुड्याच्या जातीचे फिकट लाकूड कातून त्यावर लाख चढवतात आणि केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणतात. सावंतवाडीला चितार आळीच आहे. आणि कातीव लाकडी भांडे केवळ शोभेचे नव्हे, हे पाहायचे तर श्वेतांबर जैन साधूंच्या हातातले पात्र पाहावे. धातूचे त्यांना चालत नाही.

शोभेचा प्रश्न मात्र मला टाळता येत नाही, कारण तो मामांनीच काढला. एके दिवशी दुकानात मांडलेले पाच वाडगे आणि एक लांब मानेचा कलश बघत ते म्हणाले, “भांडं म्हणल्यावर त्यात कायतरी ऱ्हावं लागतं. ह्येच्यात काय ऱ्हातंय?” पाणी ठेवता येत नाही, लाखेवर पांढरे डाग पडतात. कलशाच्या मानेतून बोटसुद्धा जात नाही. मी म्हटले, शोभेचे आहे. ते म्हणाले, “लातुरात?”

त्या एका शब्दात सगळे होते. २०१६ साली आमच्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. मी तेव्हा लहान होते, पण मामांच्या गल्लीत रांगेत लावलेल्या प्लास्टिकच्या घागरी मला आठवतात. निळ्या, हिरव्या, नंबर टाकलेल्या, रात्रभर रस्त्यावर. त्या दिवसांत भांड्याची किंमत त्याच्या पोटात किती लिटर मावते यावरच होती. ज्या गावाने हे पाहिले त्या गावात ज्यात काहीच ठेवायचे नाही असे भांडे करणे म्हणजे थट्टा नव्हे का? मी बराच विचार केला. आजोळी पूर्वी पीठ मळायला लाकडी काथवट होती. ती कामाची, पण तिच्या काठावर कुणीतरी नख्यांची एक ओळ कोरली होती. त्या ओळीने पीठ अधिक चांगले मळले जात नसणार. पाळण्याच्या दांडीवरचे पट्टे तरी बाळाला झोपेत कुठे दिसतात? माझ्या मते कामाचे आणि शोभेचे अशी फाळणी आपल्या घरात कधी नव्हतीच. ती दुकानांनी केली. हे मी मामांना सांगितले. ते म्हणाले, “कॉलेजात छान बोलायला शिकवतेत.” पटले असावे असे वाटत नाही.

आता हिशेब. एका वाडग्याला जोडणी, कातणी, घासणी, पॉलिश धरून दीड दिवस जातो. नांदेडच्या एका प्रदर्शनात मी अकरा वाडगे ठेवले होते, साडेतीनशे रुपये दर. चार गेले. एका बाईंनी वाडगा उचलून, वास घेऊन, ‘खोक्याचं लाकूड ना हे?’ असे विचारले आणि दीडशे म्हणाल्या. खोक्याचेच आहे, मी म्हटले, आणि खाली ठेवला. गंजगोलाईत एका दुकानदाराने दोन ठेवून घेतलेत. सोळा रस्ते जिथे मिळतात तिथे कधीतरी कोणीतरी घेईल अशी त्याची समजूत. एवढ्यावर दुकानाचे भाडे निघत नाही. मामांच्या उजव्या हाताला कंप सुटला आहे, चहाची बशी वाजते. पटाशी धरली की थांबतो, हे आश्चर्य. पण डॉक्टरांना त्याचे आश्चर्य वाटले नाही. एक फर्निचरवाला खराद मागतो आहे, मोटारीसकट, जवळजवळ लोखंडाच्या भावाने. मामांनी त्याला ‘पोरीची परीक्षा होऊ दे’ म्हणून थांबवले आहे. परीक्षेनंतर मी काय करणार हे घरात कोणी विचारत नाही, आणि सगळे त्याचीच वाट पाहत आहेत.

आईला हे पसंत नव्हते. ओढणी पट्ट्यात जाईल, वेणी जाईल, ही तिची भीती खोटी नाही. फिरत्या खरादीपाशी सुटे काहीही नको. मी केस वर बांधते, ओढणी खुंटीला टांगते, बाह्या कोपरावर. पण भीतीच्या मागे दुसरेही काही असावे. तिला दोरीवरून सुटून किती वर्षे झाली, आणि मुलगी आपल्या पायाने तिथेच जाऊन उभी राहते.

या दिवाळीत ती दुकानात आली. मामा आणि मी एनझेडच्या दांड्याचा वाडगा बाहेरून कातून संपवीत होतो. ती नेहमीच्या जागी, म्हणजे खरादीच्या समोर, जिथे दोरी ओढणारा बसतो तिथे जाऊन बसली. थोड्या वेळाने उठून माझ्या बाजूला आली आणि हात पुढे केला. पाळण्याची हजारो दांडकी तिच्या ओढीवर कातली गेली, पण पटाशी तिच्या हातात कुणी दिलीच नव्हती. मामांनी मोटार बंद केली, पट्टा हळूच्या चाकावर चढवला, हत्यार टेकवायची पट्टी लाकडाजवळ सरकवली.

“कोपर अंगाला लाव, आक्का,” ते म्हणाले.

“म्हाइत हाय मला,” आई म्हणाली. “समोरच बसलेली हुते की.”

पहिल्या हाताला भुसा उडाला. दुसऱ्यालाही. मग तिने पटाशीचा कोन थोडा बदलला, कोणी न सांगता, आणि वाडग्याच्या पोटावरून एक फीत सुटली, तिच्या मनगटावरून खाली लोंबली. मामांनी दोनदा हात पुढे केला. तिने पटाशी दिली नाही.